वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाचे वेळापत्रक : कसबा बावड्यातील विद्यार्थ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या काठी वसलेले कसबा बावडा आज महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी त्याची घडण बऱ्याच अंशी गावाची राहिली आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला. राजाराम सहकारी साखर कारखाना याच परिसरात आहे. १९८४ मध्ये येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८९ मध्ये डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे पांढरा कोट घातलेले विद्यार्थी बावड्यातील मुलांच्या नजरेस लहानपणापासून पडत असतात. ज्या घरात गोठा आहे, उसाची थोडी शेती आहे आणि दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी किंवा मुलगा आहे, त्या घरात 'डॉक्टर' हा शब्द उच्चारला जाण्यास फार वेळ लागत नाही.

मात्र नजरेसमोरचे महाविद्यालय आणि त्यातील प्रवेश यांत अंतर आहे. सदर महाविद्यालय ज्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, तेथील प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून संपूर्ण देशासाठी खुले असतात. शेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्यास त्यात कोणतेही झुकते माप नाही, आणि शुल्क सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. अशा कुटुंबाची खरी आशा शासकीय महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांवर असते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाशी संलग्न असलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा राज्यात अन्यत्र जागा मिळते की नाही, हे एका दुपारच्या १८० प्रश्नांवर ठरते. त्या दुपारपर्यंतचा काळ कसा वापरावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वेळापत्रकाविषयी घरोघरी जी समजूत आढळते, ती तासांची असते. मुलगा किती तास बसतो, पहाटे किती वाजता उठतो, याची चौकशी नातेवाईक करतात. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना तरी या समजुतीतील उणीव चटकन कळावी. किती टन ऊस गाळला, एवढ्यावर कोणताही कारखाना आपला हंगाम जोखत नाही. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या मानाने शेकडा किती साखर निघाली, म्हणजेच उतारा काय पडला, यावर उसाचा दरही अवलंबून असतो. अभ्यासाच्या वेळापत्रकात मात्र गाळपाची नोंद असते, उताऱ्याची नसते. अमुक तास वाचले, तमुक प्रकरण 'संपवले', असे लिहिले जाते. त्या प्रकरणातील किती भाग तीन आठवड्यांनी पुस्तक मिटून सांगता येतो, याचा रकाना नसतो. वेळापत्रकाची बहुतेक फसगत येथेच होते.

परीक्षेचे बदलते स्वरूप

गेल्या पाव शतकात या परीक्षेचे स्वरूप इतके वेळा बदलले आहे की मागील पिढीचा सल्ला जपूनच घ्यावा लागतो. १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. लातूर पॅटर्नचा बोलबाला त्याच काळात झाला, आणि त्याच्या यशाचे मर्म वारंवार घेतल्या जाणाऱ्या सराव परीक्षांत होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. तीत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नसत.

५ मे २०१३ रोजी 'नीट' ही राष्ट्रीय परीक्षा प्रथम झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. त्या उन्हाळ्यात राज्याच्या परीक्षेची तयारी केलेल्या विद्यार्थ्यांची झालेली तारांबळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. मे २०१६ मधील अध्यादेशाने राज्यांच्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि २०१७ पासून नीट हाच एकमेव मार्ग उरला. २०१९ पासून ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते.

परीक्षेचा साचा २०२१ ते २०२४ या काळात थोडा निराळा होता. २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे असत. २०२५ मध्ये तो पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असा झाला. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न, बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, ही रचना आहे. बारावीच्या परीक्षेतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे एकत्रित गुण खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के असावे लागतात. म्हणून 'बारावीकडे बघायचेच नाही' हा काही वर्गांतून दिला जाणारा उपदेश धोक्याचा आहे.

तारखांची अनिश्चितता हाही या परीक्षेच्या इतिहासाचाच भाग समजावा लागेल. २०१५ ची अखिल भारतीय परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द होऊन जुलैमध्ये पुन्हा घेण्यात आली. २०२० ची परीक्षा करोनाच्या साथीमुळे ३ मे वरून २६ जुलै आणि तेथून १३ सप्टेंबरवर गेली. २०२१ ची परीक्षाही १२ सप्टेंबर रोजी झाली. ज्यांचे वेळापत्रक केवळ शेवटच्या तारखेपासून उलटे मोजून बांधलेले होते, त्यांची घडी या वर्षांत पार विस्कटली. ज्यांच्याकडे साप्ताहिक चक्र होते, त्यांना तेच चक्र आणखी काही आठवडे फिरवणे शक्य होते.

उपलब्ध वेळेचे मोजमाप

वेळापत्रक आखण्याची सुरुवात विषयांपासून न करता वर्षापासून करावी. बारावीचे वर्ष १५ जूनला सुरू झाले आणि परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी, समजा ३ तारखेला आहे, असे धरले तर हाती ३२३ दिवस, म्हणजे सुमारे ४६ आठवडे येतात. जानेवारीअखेर त्यांतील ३३ आठवडे संपतात. फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध प्रात्यक्षिके व मंडळाच्या लेखी परीक्षेत जातो. त्यानंतर उरतात ते साधारण साडेसहा आठवडे. या अखेरच्या काळातच, बहुधा एप्रिलमध्ये, औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा येते, आणि पर्याय हाती असावा म्हणून बहुतेक विद्यार्थी तीही देतात. तेव्हा नवे शिकण्याचा काळ ३३ आठवड्यांचाच आहे, हे प्रथम कागदावर आले पाहिजे. 'अजून वर्ष आहे' हे वाक्य जूनमध्येसुद्धा खरे नसते.

आता दिवसाकडे पाहू. बावड्यातून केएमटीच्या बसने किंवा सायकलने शहरातील कनिष्ठ महाविद्यालयात जाणारा, दुपारी खासगी वर्गास बसणारा विद्यार्थी घ्यावा. झोपेचे ७ तास, महाविद्यालय, वर्ग व ये-जा मिळून ९ तास, आंघोळ, जेवण व घरकाम यांचे अडीच तास आणि विश्रांती, गप्पा, मोबाइल यांचा दीड तास वजा केला, तर स्वतःच्या अभ्यासास ४ तास उरतात. गोठ्यातील धार काढण्याचे काम वाट्याला असेल तर तेवढेही नाहीत. रविवारचे ७ तास धरले तर आठवड्याचे ३१ आणि ३३ आठवड्यांचे १,०२३ तास होतात. सण, आजारपण, चाचणी परीक्षा, घरातील लग्नकार्य यांसाठी पाचवा हिस्सा सोडला, की सुमारे ८२० तास शिल्लक राहतात.

एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकांत अकरावी व बारावीची मिळून भौतिकशास्त्राची २८, रसायनशास्त्राची १९ आणि जीवशास्त्राची ३२, अशी ७९ प्रकरणे आहेत. राज्य मंडळाच्या पुस्तकांत प्रकरणांची विभागणी निराळी असली तरी आवाका फारसा वेगळा नाही. ८२० तासांना ७९ ने भागले की एका प्रकरणास साडेदहा तासही पुरते येत नाहीत. वाचन, उदाहरणे, स्वतःची चाचणी आणि नंतरच्या सर्व उजळण्या या साडेदहा तासांतच बसवायच्या आहेत. 'एका प्रकरणाचे तीन वेळा वाचन, दोन मार्गदर्शके आणि पाचशे प्रश्न' अशी जी योजना उत्साहाच्या भरात जूनमध्ये लिहिली जाते, ती या भागाकारापुढे टिकत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ७९ पैकी ४२ प्रकरणे अकरावीची आहेत आणि ३७ बारावीची. दहावीच्या श्रमानंतर अकरावीचे वर्ष विसाव्याचे मानण्याची आपल्याकडील पद्धत या परीक्षेपुरती फार महाग पडते, कारण अर्ध्याहून अधिक प्रकरणे त्याच वर्षातील असतात. ज्याची अकरावी नीट झाली आहे त्याच्या वाट्याला बारावीत प्रकरणामागे कितीतरी अधिक तास येतात. ज्याची झालेली नाही, त्याने दोन्ही वर्षांची प्रकरणे सारख्याच तपशिलाने करण्याचा हट्ट सोडावा.

अंदाज चुकतो तो कोठे

मनुष्य आपल्या कामास लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, हे निरीक्षण डॅनियल काहनेमन व अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. १९९४ मध्ये बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. हे विद्यार्थी आळशी होते असे नव्हे. अंदाज करताना त्यांनी काम सुरळीत चालल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले, पूर्वी अशी कामे कशी रखडली होती ते आठवले नाही.

बावड्यातील रखडण्याची कारणे तर दिनदर्शिकेत अगोदरच छापल्यासारखी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी येते. भाद्रपदात गणेशोत्सव, आश्विनात अंबाबाईचा नवरात्रोत्सव, मग दिवाळी. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ज्या घरचा ऊस उभा आहे तेथे तोड कधी येईल याचा नेम नसतो, आणि ती आली की घरातील सर्वांचेच हात लागतात. चैत्रात जोतिबाची यात्रा असते आणि पाहुण्यांनी घर भरते. यांपैकी कोणतीही गोष्ट 'अनपेक्षित' नाही. तरीही वेळापत्रकात तिला जागा नसते. मग ती आली की वेळापत्रक मोडले असे वाटते, अपराधी भावना येते, आणि नव्या रंगीत शाईने नवे वेळापत्रक लिहिण्यात आणखी एक रविवार जातो. आठवड्यातील अर्धा दिवस मुद्दाम रिकामा ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. रविवारची दुपार मोकळी असावी. आठवडा सुरळीत गेला तर ती विश्रांतीची, न गेला तर राहिलेल्या कामाची.

थकलेल्या कामाचे मोजमाप कसे करावे, यासाठी बावड्यात एक नमुना हाताशी आहे. येथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी दोन्ही खुणा ओलांडून कितीतरी वर गेले. इशाऱ्याची खूण धोक्याच्या खाली ठेवण्यात शहाणपण आहे, कारण सामान हलवण्यास वेळ त्या मधल्या चार फुटांतच मिळतो. विद्यार्थ्यानेही मागे पडलेल्या प्रकरणांसाठी अशा दोन खुणा ठरवाव्यात. उदाहरणार्थ, तीन प्रकरणे थकली की इशारा समजून त्या आठवड्याचा मोकळा वेळ त्यांना द्यावा. सहा थकली की धोका समजून नवे प्रकरण आठवडाभर थांबवावे आणि थकलेल्यांपैकी कमी महत्त्वाची प्रकरणे केवळ मुख्य मुद्द्यांपुरती उरकावीत. खुणा आधी ठरलेल्या असल्या म्हणजे निर्णय घाबरलेल्या मनाने घ्यावा लागत नाही.

उजळणीचे अंतर

उताऱ्याचा प्रश्न येथून सुरू होतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. पाठ केलेल्या भागाचा मोठा हिस्सा पहिल्या दिवसातच निसटतो आणि पुढे हा वेग मंदावतो, असे त्यास आढळले. यावरून उजळणी हवी हे सर्वांनाच पटते, पण ती कधी व कोणत्या प्रकारे, याबाबत घोटाळा आहे.

प्रकाराचा विचार आधी करू. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा वारंवार वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून पुढील वेळ पुस्तक न पाहता आठवून लिहिण्यात घालवला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला. या निष्कर्षाचा पहिला भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने त्याच संध्याकाळी 'येते आहे' अशी खात्री वाटते, आणि ती त्या संध्याकाळपुरती खरीही असते. म्हणून विद्यार्थी ती पद्धत सोडत नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की व सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराने उजळणी करणे या दोन पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पुनर्वाचन आणि रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणे खालच्या श्रेणीत गेले. बाजारात अशा पेनांचे संच ज्या वेगाने खपतात, तो पाहता हे मत फारसे पोहोचलेले दिसत नाही.

अंतराचा प्रश्न सेपेडा व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासला. परीक्षा एका आठवड्यावर असेल तर दोन अभ्यासांतील अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के असावे, आणि परीक्षा वर्षभरावर असेल तर ५ ते १० टक्के, असे त्यांचे अनुमान आहे. जुलैमध्ये शिकलेल्या प्रकरणाची परीक्षा सुमारे ३०० दिवसांवर असते. म्हणजे त्याकडे परतण्याची योग्य वेळ पंधरा दिवस ते महिना या दरम्यान येते. दुसऱ्याच दिवशी सगळे पुन्हा वाचून काढणे हा अपव्यय आहे, आणि 'सगळे एकदम मार्चमध्ये बघू' हा तर सर्वनाश.

व्यवहारात हे कसे बसवावे? प्रकरणाच्या साडेदहा तासांपैकी सुमारे चार तास पहिल्या वाचनास आणि साडेतीन तास प्रश्नांस द्यावेत. उरलेले तीन तास तीन परतफेऱ्यांसाठी राखून ठेवावेत. साधी शंभर पानी वही घेऊन प्रत्येक प्रकरणास एक ओळ द्यावी. पहिल्या वाचनाची तारीख लिहितानाच तीन आठवड्यांनंतरची तारीख पुढे लिहून टाकावी. त्या दिवशी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, वीस-पंचवीस प्रश्न सोडवावेत आणि बरोबर उत्तरांचे शेकडा प्रमाण ओळीत नोंदवावे. तोच त्या प्रकरणाचा उतारा. तो ८० च्या वर असेल तर पुढील फेरी दोन महिन्यांनी, ५० च्या खाली असेल तर त्याच आठवड्यात. ८० आणि ५० हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत. विद्यार्थ्याने ते आपल्या अनुभवाने बदलावेत, मात्र रकाना सोडू नये. ही वही दोन महिने चालवली की पालकांनाही 'किती तास बसला' याऐवजी दुसरा प्रश्न विचारता येतो.

विषयांची वाटणी

७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत, म्हणून निम्मे तास जीवशास्त्रास, असा हिशेब वरवर योग्य वाटतो. तो तसा नाही. जीवशास्त्राचे बहुसंख्य प्रश्न पुस्तकातील मजकुराच्या अगदी जवळ राहणारे असतात. त्यांना सलग तासांपेक्षा वारंवार भेटी मानवतात. बसमधील वीस मिनिटे, जेवणापूर्वीचा अर्धा तास असे तुकडे या विषयास चालतात. भौतिकशास्त्रास चालत नाहीत. तेथे उदाहरणावर अडून बसण्याचा अवधी लागतो, आणि तो सकाळच्या ताज्या वेळेतील असावा. परीक्षेच्या दिवशी ९० जीवशास्त्राचे प्रश्न ४५ ते ५० मिनिटांत उरकता आले, तरच उरलेल्या ९० प्रश्नांना प्रत्येकी जवळपास दीड मिनिट मिळते. म्हणजे जीवशास्त्राची तयारी भौतिकशास्त्राला वेळ मिळवून देते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी भौतिकशास्त्राचा धसका घेऊन ते मागे ढकलतात आणि जीवशास्त्राच्या आवडत्या प्रकरणांत रमतात. त्यांच्या वहीत तास भरपूर दिसतात.

गणिती उदाहरणांच्या सरावाबाबत रोहरर व टेलर यांचा २००७ मधील प्रयोग उद्बोधक आहे. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्याने निरनिराळ्या प्रकारांची सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के आणि दुसऱ्याची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे २० आणि ६३ असे उलटले. कारण उघड आहे. 'घूर्णन गती' या शीर्षकाखालील उदाहरणात कोणते सूत्र लावायचे हे शीर्षकच सांगते. परीक्षेत शीर्षक नसते. म्हणून आठवड्यातील एक बैठक मागील चार-पाच प्रकरणांतील उदाहरणांच्या मिसळीस द्यावी. त्या बैठकीत गुण कमी पडतील आणि मन खट्टू होईल, याची पूर्वकल्पना विद्यार्थ्यास व घरच्यांस असलेली बरी.

बावड्यातील पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण अर्थाबद्दल शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो, आणि अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके व वर्ग बहुतांशी इंग्रजीत असतात. 'प्रकाशसंश्लेषण' उत्तम समजलेल्या विद्यार्थ्यास 'फोटोसिंथेसिस' वाचताना क्षणभर थबकावे लागते. १८० मिनिटांत असे थबकणे परवडत नाही. अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत रोज पंधरा मिनिटे पारिभाषिक शब्दांच्या जोडवहीस दिली, तर हा अडथळा दूर होतो. ही मिनिटे कोणत्याही छापील वेळापत्रकात आढळत नाहीत, कारण ती वेळापत्रके शहरातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेली असतात.

जागेचा प्रश्नही माध्यमाइतकाच खरा आहे. दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी, आजारी आजी आणि लहान भावंडे यांच्यामध्ये चार तास मिळाले तरी ते चार तास राहत नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामागे हीच जाण होती. शिक्षण घेण्यास फी माफ करणे पुरत नाही, मुलास राहण्याची व बसण्याची जागा लागते. आज अभ्यासिका किंवा शाळेची एखादी रिकामी खोली ती गरज काही प्रमाणात भागवते. वेळापत्रकात विषयासमोर वेळेबरोबर जागाही लिहावी. आठवून लिहिण्याचे काम शांत जागी, शब्दांची जोडवही गोठ्याजवळही.

पुन्हा परीक्षेस बसण्याचा निर्णय

या परीक्षेस वयाची कमाल मर्यादा नाही आणि किती वेळा बसावे यालाही बंधन नाही. ही सवलत अनेकांना तारते आणि अनेकांची दोन-तीन वर्षे गिळते. एक वर्ष थांबण्याचा निर्णय बहुधा निकालाच्या दिवशी, रडारडीत घेतला जातो. नातेवाईक कोटा किंवा लातूरचे नाव सुचवतात, सोसायटीचे कर्ज किंवा जमिनीचा तुकडा यांची भाषा सुरू होते. वास्तविक या निर्णयासाठी पुरावा लागतो आणि तो वर नमूद केलेल्या वहीत असतो. चुका मुख्यतः विसरल्यामुळे किंवा वेळ अपुरा पडल्यामुळे झाल्या असतील, तर एका वर्षाच्या शिस्तबद्ध उजळणीने गुणांत मोठी वाढ होणे संभवनीय आहे. संकल्पनाच समजलेल्या नसतील, तर तेच वर्ग, तीच पुस्तके आणि तेच वेळापत्रक पुन्हा चालवून फारसा फरक पडणार नाही. शिकवण्याची व्यवस्था बदलावी लागेल. आणि विद्यार्थ्यास मुळात हे शिक्षण नकोच असेल, तर तोही एक पुरावा आहे. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद व होमिओपॅथीचे प्रवेश होतात. परिचर्या व औषधनिर्माणशास्त्राचे मार्ग निराळे आहेत. यांची माहिती घरात जूनमध्येच झालेली असावी, निकालानंतर नव्हे.

अखेरचे साडेसहा आठवडे

मंडळाची परीक्षा संपल्यावर नवे मार्गदर्शक पुस्तक विकत आणू नये. या काळाचे काम तपासणीचे आहे. आठवड्यातून दोन पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात आणि प्रत्येकीच्या तपासणीस सोडवण्याइतकाच वेळ द्यावा. चुकांची तीन प्रकारांत नोंद करावी : येत नव्हते, येत होते पण आठवले नाही, आणि येत असूनही घाईने चुकले. पहिल्या प्रकारासाठी पुस्तकाकडे, दुसऱ्यासाठी परतफेऱ्यांकडे आणि तिसऱ्यासाठी घड्याळाकडे पाहावे लागते. अंदाजाने उत्तर देण्याचा हिशेबही येथेच शिकावा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सरासरी लाभ प्रश्नामागे पाव गुणाचा, म्हणजे नगण्य असतो. दोन पर्याय निश्चित बाद करता आले तर तो दीड गुणाचा होतो.

२०१९ पासून नीट दुपारी दोन वाजता सुरू होते. एप्रिल-मेच्या कोल्हापुरात ही वेळ जेवणानंतरच्या सुस्तीची आणि पत्र्याच्या छपराखाली जीव नकोसा करणारी असते. पहाटे चारला उठून अभ्यास करणारा विद्यार्थी दुपारी दोनला दहा तास जागा असतो. म्हणून शेवटचा महिनाभर सराव प्रश्नपत्रिका दुपारी दोन ते पाच याच वेळेत सोडवाव्यात, तेही पंखा नसलेल्या खोलीत एकदोनदा. उठण्याची वेळ हळूहळू सहावर आणावी. या काळात जोतिबाची यात्रा येते. पाहुण्यांसमोर मुलाने यावे की नाही, यावर घरात वाद घालण्यापेक्षा त्या दोन दिवसांची दुपार शेजारच्या घरी किंवा अभ्यासिकेत काढण्याची सोय अगोदर करावी. शेवटच्या दोन दिवसांत पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवू नये. चुकांची वही, सूत्रांची पाने आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचा रस्ता एकदा प्रत्यक्ष पाहून येणे, एवढेच काम त्या दिवसांसाठी ठेवावे. केंद्र शहराबाहेर आले असेल तर कोणत्या बसने किती वाजता निघायचे, हे वहीच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवावे.